फेल्डबर्गवर मी उशिरा का पोचले

ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरांत सायकल घेऊन जायचं, हे माझं तीन उन्हाळ्यांपासूनचं वेड. नकाशे मी जमवले, चढ-उतार मी अभ्यासले, श्लुखझे नावाच्या तळ्याकाठचं सुट्टीचं घर मी शोधलं. निघायला आठवडा राहिला असताना माझा नवरा समीर जेवता जेवता म्हणाला, "केतकी पण येते म्हणतेय. निखिलच्या ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, ती एकटीच येईल."

निखिल माझा धाकटा दीर आणि केतकी माझी जाऊ. दोघं कोलोनला राहतात. मी म्हटलं, "अरे वा, छानच."

आता खरं सांगते. मला केतकीचा हेवा वाटतो. मी जर्मनीत अकरा वर्षं आहे आणि बेकरीत अजूनही बोटानं पाव दाखवते. ती चार वर्षांपूर्वी आली आणि बेकरीवालीशी हवापाण्याच्या गप्पा मारून वर एक ब्रेत्सेल, तो पिळाचा खारा पाव, फुकट घेऊन येते. मी लग्नाआधीपासून सायकल चालवते. ती दोन वर्षांपूर्वी शिकली, जुनी का होईना पण ई-बाईक घेतली, आणि तिचे फोटो बघून आमच्या सासूबाई पुण्याहून फोन करून मला विचारतात, "केतकी किती छान चालवते गं, तू पाहिलंस का?"

आणि या वेळी सासूबाई स्वतःच सोबत होत्या, तीन महिन्यांसाठी आलेल्या.

पहिला दिवस: र्युसेल्सहाइम ते श्लुखझे

शुक्रवारी सकाळी आठला र्युसेल्सहाइमच्या आमच्या घरून निघालो. केतकी आदल्या दिवशीच ट्रेनने सायकलसकट आली होती (लांबच्या गाडीत सायकलीची जागा आधी आरक्षित करावी लागते, शेवटच्या क्षणी मिळत नाही). गाडीच्या मागच्या रॅकवर दोन सायकली: माझी साधी, बारा किलोची, आणि तिची पंचवीस किलोची. दोन सायकलींचं वजन पेलणारा रॅक घ्या, हा पहिला सल्ला. फ्रायबुर्गपर्यंत सरळ ऑटोबान, मग अरुंद दरीतून चढत जाणारा रस्ता. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला काळीकुट्ट झाडी. आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "वरंधा घाटासारखा आहे, फक्त कुणी भजी विकत नाही." साडेतीन तासांचं अंतर आम्हाला पाच तास लागले, कारण ष्टाऊ, म्हणजे इथला लाडका ट्रॅफिक जॅम.

घर दोन खोल्यांचं, रात्रीचे एकशे तीस युरो, वर माणशी थोडा पर्यटन कर. पण त्या बदल्यात एक कार्ड मिळतं आणि त्यावर आसपासच्या बस आणि लोकल गाड्या फुकट. ते खोलीत विसरून फिरू नका. सायकलींसाठी तळघरात कुलपाची खोली होती.

दुपारी आम्ही दोघींनी तळ्याला फेरी मारली. अठरा किलोमीटर, जवळजवळ सपाट. पाणी गडद, थंड, आणि चारी बाजूंना फरची झाडं थेट काठापर्यंत. पलीकडच्या काठावर एक जुनं शेतघर आहे, तिथे गाडी जात नाही. चालत, सायकलने किंवा बोटीने जायचं. केतकीने तिथल्या बाईंशी जर्मनमध्ये काहीतरी हसून बोलून आमच्यासाठी पाण्याकाठचं टेबल मिळवलं. केक उत्तम होता. मला तो घशाखाली उतरला नाही, ती गोष्ट वेगळी.

संध्याकाळी केतकीने थालीपीठं लावली. जेवणं झाली तशी आईंनी पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढून टेबलावर सोडली. आत पितळी घंटी. बाबांच्या सायकलची.

बाबा म्हणजे माझे सासरे. दोन वर्षांपूर्वी गेले. तीस वर्षं ते सायकलवर नोकरीला गेले. माझं लग्न झाल्यावर दर रविवारी पहाटे मला घेऊन खडकवासल्याला जायचे. वळण आलं की दोनदा घंटी वाजवायचे, "मंजिरी, खालचा गिअर टाक" या अर्थी. ती घंटी माझी आहे हे मी इतकं गृहीत धरलं होतं की कधी मागितलीच नाही.

"घरात सायकल चालवणाऱ्या आता दोघी," आई म्हणाल्या. "उद्या आम्ही रोपवेच्या पाळण्यानं त्या फेल्डबर्ग डोंगरावर येतोय. तिथे जी चालवत आधी येईल तिला देईन."

"आई, शर्यत लावतेस का काय?" समीर हसला.

"गंमत रे. ह्यांना आवडलं असतं."

केतकी म्हणाली, "अहो आई, ती ताईंचीच आहे." आईंनी पुरचुंडी पुन्हा पर्समध्ये टाकली. मी बोलले असते तर रडले असते.

मग मी चाकातली हवा तपासायला तळघरात गेले. केतकीची सायकल चार्जरला लावलेली होती. काम झालं, दिवा बंद केला, शेजारचं दुसरं बटणही बंद केलं आणि वर आले. पुण्यातल्या घरात खोलीतून बाहेर पडताना भिंतीवरची सगळी बटणं बंद करायची, ही आईंचीच शिस्त. जर्मनीत प्लगला बटण नसतं, त्यामुळे ते दुसरं बटण कशाचं, हा विचारही डोक्यात आला नाही.

दुसरा दिवस: फेल्डबर्ग

सकाळी साडेसातला मी आधी खाली गेले. चार्जरवर दिवा नव्हता. मी ते दुसरं बटण दाबलं आणि लाल ठिपका लागला. रात्रभर त्या खोलीतला प्लग मेलेला होता. सायकलच्या पडद्यावर पाचातली एक काडी.

तेव्हा वर जाऊन एवढंच सांगायचं होतं की माझ्याकडून बटण बंद झालं, आपण दोन तास उशिरा निघू. मी नाश्ता करायला बसले.

निघताना केतकीने पडदा पाहिला. "अगं बाई, दीडच काडी? रात्रभर लावली होती. बॅटरी जुनी झाली वाटतं. ताई, पुरेल का हो?"

"पुरेल गं," मी म्हणाले.

वाट सुंदर आहे. तळ्याकाठाने उत्तरेला, मग छोट्या गावांमधून बेरेनटालपर्यंत, आणि तिथून जंगलातला खडीचा रुंद रस्ता वर चढतो. नकाशातल्या बारीक पायवाटा बघून मोहात पडू नका. या राज्यात जंगलात दोन मीटरपेक्षा अरुंद वाटेवर सायकल चालवायला बंदी आहे. लोक हा नियम पाळतात, आणि न पाळणाऱ्याला थांबवून ऐकवतात.

बेरेनटालच्या वर दोन वळणांनी केतकीची मोटर गेली. चढ आठ-नऊ टक्क्यांचा. तिने उतरून ढकलायला सुरुवात केली. रस्ता जंगल खात्याचा, समीरची गाडी तिथे येऊ शकत नव्हती.

"ताई, तुम्ही व्हा पुढे," ती धापा टाकत म्हणाली. "आई वाट बघत असतील."

मी पुढे झाले. आणि कबूल करते, पुढची दहा मिनिटं या सबंध सहलीतली सगळ्यात आनंदाची होती. पाय हलके, श्वास जागेवर, झाडांमधून खाली दरी उघडलेली. मग एक वळण आलं. मी आपोआप खालचा गिअर टाकला, आणि बाबांची आठवण आली. ते मागे राहिलेल्याला सोडून कधी पुढे गेले नव्हते. मी मागे पडले तर मलाही नाही. चिडून मी सायकल वळवली.

केतकी लालबुंद झाली होती, पण तक्रार नव्हती. तक्रार केली असती तर मला बरं वाटलं असतं.

"तुझी इकडे दे. माझी घे."

"अहो नको, ताई. ही फार जड आहे."

"दे म्हणते ना."

मला वाटलं होतं, मोटरशिवाय ती दमेल, थांबेल, आम्ही बरोबरीने जाऊ. ती माझ्या सायकलवर बसली, दोन पॅडल मारली, "किती हलकी आहे हो!" म्हणाली आणि वळणाआड दिसेनाशी झाली. माझीच सायकल. माझ्याच पैशांनी नवे टायर घातलेली.

पंचवीस किलो ढकलत मी निघाले. समोरून एक आजी-आजोबा काठ्या टेकत उतरत होते. आजोबा थांबले, सायकलकडे बघून म्हणाले, "मोटर असली की सोपं जातं, गेल?" गेल म्हणजे आपलं "नाही का?" मी म्हटलं, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर. अकरा वर्षांत कमावलेला तो एक शब्द.

वर पोचायला मला केतकीपेक्षा पस्तीस मिनिटं जास्त लागली. वरती झाडं संपतात, नुसतं गवत आणि वारा. खाली खोल कड्याच्या पोटात फेल्डझे, गोल आणि काळं तळं. हवा स्वच्छ होती म्हणून दक्षिणेला आल्प्सची पांढरी रांगही दिसली. हे सगळं मी नंतर पाहिलं. आधी पाहिलं ते बाकावर बसलेल्या आई, आणि केतकीच्या हातातली घंटी.

"मंजिरी, मोटरची सायकल घेऊनही मागे पडलीस?" आई म्हणाल्या.

"आई, मी मघाशीच सांगितलं ना, बॅटरी संपली होती," केतकी घाईने म्हणाली. "ताईंनी त्यांची मला दिली. ही खरं तर त्यांचीच." तिने घंटी माझ्यापुढे धरली.

हात पुढे करायचा, एवढंच राहिलं होतं. माझा हात उठला नाही. कशी घेणार होते मी?

"राहू दे," मी म्हणाले. "तू आधी पोचलीस."

समीरने माझ्याकडे फार कौतुकाने पाहिलं. त्याचाही मला राग आला.

परत

रविवारी टिटिझे केलं. गर्दी, कक्कू घड्याळं, पार्किंग महाग. तिथे बस किंवा लोकलनेच जा, ते कार्ड आहेच. रात्री जेवायला घरी. पुढचा आठवडाभर आई पुण्यातल्या प्रत्येक नातेवाइकाला फोनवर सांगत होत्या, "आमची केतकी बिनमोटरची सायकल घेऊन डोंगर चढली." पंचवीस किलो कुणी ढकलले, हे सांगायला माझं तोंड उघडेना, कारण पुढचा प्रश्न बॅटरी का संपली हा आला असता.

काल केतकीचा फोन आला. "ताई, नवीन बॅटरी मागवतेय. साडेसहाशे युरो. काय करणार, जुनी दगा देते."

म्हणून हा लेख. प्रवासाची माहिती तर मला द्यायचीच होती, पण तळघरातल्या बटणाची गोष्ट फोनवर सांगायला जमली नाही, लिहायला जमली. टाकण्याआधी मी तो आज सकाळी तिलाच पाठवला, खाली लिहिलं, "बॅटरी मागवू नकोस. चूक बटणाची होती, आणि 'पुरेल' म्हणाले ती माझी."

चार वाजता एक ऑडिओ आला. आधी नुसता रस्त्याचा आवाज, मग केतकी. "ताई, ऑर्डर रद्द केली. लेख टाका खुशाल, आईंना मी वाचून दाखवीन. पण एक सांगते, घंटी आता मिळणार नाही."

आणि मग तिने ती वाजवली. दोनदा.