माझ्या भावाने न ओढलेली बिडी

माणसं आगीच्या बंबावर नोकरीला का जातात, यावर मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. जीव वाचवायला, सेवा करायला वगैरे. मी सूड घ्यायला गेलो. सुरतेच्या पांडेसऱ्यातली एक डाइंगची मिल पुन्हा पेटावी आणि तेव्हा पाण्याचा पाइप माझ्या हातात असावा, एवढ्यासाठी मी भरतीच्या मैदानावर छाती फुटेस्तोवर धावलो. मुलाखतीत मात्र सेवेचंच तुणतुणं वाजवलं, कारण साहेबांना तेच ऐकायचं होतं.

त्या मिलमध्ये माझा थोरला भाऊ स्टेंटरवर कामाला होता. स्टेंटर म्हणजे रंगवलेलं कापड ताणून गरम हवेत वाळवणारं लांबलचक यंत्र. कापडाची लव आणि तेलकट धूर वरच्या पत्र्याच्या नळातून बाहेर जातात आणि जाता जाता नळाला आतून चिकटतात. तो थर वेळच्या वेळी खरवडावा लागतो आणि त्यासाठी यंत्र थांबवावं लागतं. लग्नसराईत साड्यांची मागणी वाढली की शेठ यंत्र थांबवू देत नसे. प्लेगच्या साथीच्या आदल्या वर्षी तो नळ पेटला आणि पेटता थर खाली कोसळला. भाऊ त्यात गेला. आमच्या गल्लीतल्याच आणखी एकाचे दोन्ही हात भाजून कायमचे निकामी झाले.

तिसऱ्या दिवशी शेठ डिंडोलीला आमच्या दारात आला. पांढरेशुभ्र कपडे, जोडलेले हात. "लडका अच्छा था, बहन," तो आईला म्हणाला, "बस, बीडी की आदत ले डूबी." हेच त्याने पोलिसांना सांगितलं होतं, आणि मिलमधल्या कारागिरांकडूनही हेच वदवून घेतलं होतं. माझा भाऊ तंबाखू मळायचा. बिडीच्या नुसत्या वासाने त्याला ठसका लागायचा. त्या दिवशी मी शेठच्या नरडीचा घोट घेतला नाही, कारण मामाने मला मागून घट्ट धरलं होतं.

सगळ्यात वाईट म्हणजे आईला ते पटलं. मी कानीकपाळी ओरडून सांगायचो, पण तिचं आपल्या अहिराणीत एकच. "घर पेत नव्हता रे. मिलमां पेत व्हई, कोनले माहीत?" हात गेलेल्या माणसाची बायको समोरच राहायची. आई दिसली की ती दार लावून घ्यायची. तुझ्या पोराच्या बिडीने त्याचे हात नेले, असं कोणी तोंडावर म्हटलं नाही, पण आई हळदीकुंकवाला जायची बंद झाली. नळावरही ती सगळ्या बायका पाणी भरून गेल्यावरच जायची. मेलेल्या मुलासाठी रडायचीसुद्धा तिला लाज वाटायला लागली. शेठने माझा भाऊ नेला, आणि आईकडे त्याचं दुःखही धड ठेवलं नाही.

बंबावर मी पुष्कळ आगी विझवल्या. नानपुऱ्याच्या एका घरातून एका आजीबाईंना उचलून खाली आणलं, तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून भरभरून आशीर्वाद दिले. मला कसनुसं झालं. माझ्या मनात काय चाललं होतं हे त्यांना कळलं असतं, तर त्यांनी हात मागे घेतला असता.

शेवटी एका भर दुपारी त्या मिलची वर्दी आली. बंबाची घंटा वाजत होती आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. आत पोहोचलो तर तेच यंत्र, तेच शेड, वर धूर. या वेळी सगळे कामगार वेळीच बाहेर पडले होते. आम्ही पाणी मारलं आणि ज्वाळा बसल्या. मग शेठ आला, तोंडावर हसू, मागे चहाची किटली आणि खमणाचा पुडा घेतलेला नोकर. आग विझली की मालकाने चहापाणी द्यायचं आणि आम्ही अंगावरचं पाणी झटकत ते घ्यायचं, ही आमच्याकडची रीतच होती. बाजूला एक नवा कारागीर उभा होता. शेठ त्याच्याकडे बोट दाखवून आमच्या साहेबांना म्हणाला, "शुं करिये, साहेब? आ लोको बीडी पीए छे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी साहेबांना म्हटलं, नळात आग दबून असेल, उघडून बघायला हवं. ते कामातलंच होतं, साहेब हो म्हणाले. मी शिडी लावून वर चढलो, नळाचं झाकण काढलं आणि आकड्याने आतला थर ओढला. काळा, तेलकट, आतून अजून लाल. तो मी ओढत राहिलो आणि शेठच्या पायाशी ढीग पडत राहिला. त्याचे पांढरे बूट मागे सरकत गेले. सगळे कामगार बघत होते. मी वरूनच विचारलं, "शेठ, आ कोनी बीडी?"

मग एक जुना कारागीर, ज्याने तेव्हा पोलिसांसमोर मान डोलावली होती, मान खाली घालून म्हणाला, "पहिल्या वेळेलाही नळच पेटला होता." शेठचं तोंड पांढरं पडलं. तो चेहरा बघायला मी इतकी वर्षं थांबलो होतो. पोटभर बघितला. चहा मी घेतला नाही.

मी घरी पोहोचायच्या आधी बातमी गल्लीत पोहोचली होती. समोरची बाई आमच्या उंबऱ्यापाशी येऊन उभी होती. मी आईला सगळं सांगितलं. वाटलं, ती आता मोकळेपणाने रडेल. ती रडली नाही. तिने शेठचंच विचारलं, "त्यानी माय जित्ती शे का?"

"शे," मी म्हटलं.

"मंग माले तठे लई चाल."

शेठचं घर जुन्या सुरतेत होतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला आम्ही गेलो. त्याची म्हातारी आई ओट्यावरच्या हिंचक्यावर बसली होती. आईने ना नमस्कार केला, ना आवाज चढवला. ती तिच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तुना आंडोरनी मना आंडोरले जायी टाकं. आनि नाव त्यानंच लायं."

अहिराणी आणि गुजराती या सख्ख्या शेजारणी. म्हातारीला शब्द न् शब्द कळला: तुझ्या मुलाने माझ्या मुलाला जाळलं आणि नावही त्याच्यावरच घातलं. तिने पाय टेकवून हिंचका थांबवला आणि आत हाक मारली. शेठ आईच्या हातचं जेवता जेवता उठून आला, हात खरकटाच. "भाई, आ साचुं छे?" हे खरं का, असं तिने मुलाला विचारलं. "बा, तमे अंदर जाओ," तो आईला म्हणाला. तिने तेच पुन्हा विचारलं. तो आमच्याकडे बघेना, तिच्याकडेही बघेना. म्हातारी त्याच्या खरकट्या हाताकडे बघत राहिली.

आई वळली आणि चालू लागली. कोपऱ्यावर आल्यावर तिने पदराने तोंड पुसलं.

"आते खाऊ दे त्याले," ती म्हणाली, "मायना हातनं."