ओट्याखालचा फिल्टर

लोहाऱ्याहून फिल्टर बसवणारा आमच्या गल्लीत नेहमी येते. त्याच्यावर माझा भरोसा नाही. दर वाक्याआधी तो "बाबाजी, खरं सांगतो" म्हणते. खरं बोलणाऱ्याले हे सांगावं कायले लागते?

चहाच्या गंजाले बुडाशी पांढरा थर धरते, पातेलं घासूनही निघत नाही म्हणून सुनेले ओट्याखाली फिल्टर पाहिजे होता. मले भेव एकच होतं. नळाले येते ते आमच्या विहिरीचंच पाणी; विहीर मी माझ्या हातानं खोदली, तिच्या पाण्याची चव जाईन.

त्यानं नळाचं पाणी घोटभर तोंडात घोळवलं अन् डोळे मिटून उभा राह्यला. तीनदा तेच. मले सोंगच वाटलं.

"बाबाजी, खरं सांगतो, मोठी मशीन घेऊ नका. पाणी फिकं होईन. क्षार धरणारा साधा फिल्टर पुरते."

"स्वस्त माल काहून खपवून राह्यला बे?"

सून हसली. "मामाजी, महाग सांगितला असता तर लुटते म्हणाले असते!"

फिल्टर जोडायच्या आधी त्यानं आपली बाटली त्याच नळावर भरून घेतली. काम करून निघाला तसा मी फाटकात जाऊन उभा राह्यलो, हा ते पाणी कुठं फेकते ते पाहाले. वळणावर त्यानं गाडी थांबवली अन् उभ्यानंच अर्धी बाटली पिऊन टाकली.