लहान मुलांपासून दूर ठेवलेला घमेलू

मालिनीतायवर अन्याय झाला तो त्रिपुरारी पौर्णिमेच्या संध्याकाळी, दिवे लावायच्या थोडं आधी, साखळीला वाळवंटी नदीच्या काठावर. करणारे आम्ही होतो. आम्ही म्हणजे डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावचं मंडळ, ज्याची पत्रकं मी लिहिते. अन्याय कोणावर झाला, केव्हा झाला, कोणी केला, हे पहिल्याच ओळीत सांगायचं, ही माझी पत्रकं लिहायची पद्धत. आजवर त्या ‘कोणी’च्या जागी खाणवाले होते, अधिकारी होते. आज तिथे स्वतःला घालताना वाक्य लांबवावंसं वाटतं, हेही इथेच लिहून ठेवते.

ती गेल्याचं कळलं तेव्हा मी डिचोलीच्या बसस्टँडवर पत्रकंच वाटत होते. पेडण्याहून तिच्या भावाचा फोन आला. “ताय गेली गो. सकाळी.” ताप अंगावर काढला होता म्हणे, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. मी फोन ठेवला आणि हातातली पत्रकं संपेपर्यंत वाटत राहिले. वाळपईच्या बसमध्ये चढणाऱ्या एका बाईला मी एकच पत्रक दोनदा दिलं आणि तिने ते दोन्ही वेळा घेतलं... दुसरं काय करायचं असतं, हे मला कळत नव्हतं.

मालिनीताय पेडण्याजवळच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात साचे करायची. बाटल्यांची बुचं, डब्यांची झाकणं, असलं सगळं. आमच्याकडे ती आली ती सिनेमामुळे. गावच्या बंद खाणीवर आम्ही पोरापोरींनी मिळून एक विज्ञानपट केला. परग्रहावरचं एक यंत्र आमचं खनिज न्यायला येतं, खाणीत साठलेल्या पाण्यात पडतं, आणि गावातल्या एका मुलीच्या हट्टापायी नेलेली माती परत आणून टाकायला लागतं. यंत्र कसं दिसावं यावर आमच्या बैठकांवर बैठका चालल्या होत्या. ही बाई स्कूटरवरून उतरली, सगळ्यांचं बोलणं ऐकून घेतलं, मग आमच्या सामानाच्या खोपीच्या, मांगराच्या, मागे जाऊन एक जुनं घमेलं घेऊन आली आणि लोखंडी सांगाड्यावर उपडं ठेवलं. म्हणाली, “ह्या तेचा डोक्या. पुढे बोला.” यंत्राचं नाव त्याच दिवशी घमेलू पडलं. सिनेमात त्या हट्टी मुलीचं काम केलं तन्वीने. तिचा बाप खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता, खाणी बंद झाल्यापासून मिळेल ते करतो.

माझी आणि तिची पहिल्याच दिवशी जुंपली. मी चहाच्या वेळी सगळ्यांना खाणीचा इतिहास सांगत होते. हिने शांतपणे उंडो पाव चहात बुडवून खाल्ला आणि विचारलं, “पत्रकबाय, वाचून झाला? आता माणसासारख्या बोल बघू.” सगळे हसले. मीही हसले, पण रात्रभर... नाही, खरं सांगायचं तर आठवडाभर तिच्याशी बोलले नाही. ती मात्र रोज सेटवर आल्या आल्या ओरडायची, “पत्रकबाय खंय असा? आज कोणाचो निषेध?” हळूहळू मला त्या हाकेची सवय झाली. सवय झाली म्हणजे तिने एखाद्या दिवशी ती हाक मारली नाही तर चुकल्यासारखं व्हायला लागलं.

सिनेमा चालला. पणजीत दाखवला, बाहेरही गेला, आणि लोक घमेलूची मूर्ती कुठे मिळेल असं विचारायला लागले. विचारणारे सगळे मोठे होते. परग्रहांचे, यंत्रमानवांचे सिनेमे बघून त्यातल्या मूर्ती काचेच्या कपाटात मांडणारी माणसं असतात, हे आम्हाला तेव्हाच समजलं. मालिनीतायला ते आधीपासून ठाऊक होतं आणि त्याचा रागही होता. “सिनेमात घमेलूवर कोण बसला? तन्वी बसली. चिखलात कोण लोळला? पोरां लोळली. मगे मूर्ती खंयच्या तरी बंगळूरच्या माणसाच्या कपाटात कित्याक?” तिने सुट्टीच्या दिवशी कारखान्यात थांबून, मालकाला विचारून, मऊ ॲल्युमिनियमचा एक तात्पुरता साचा केला आणि पिवळ्या प्लास्टिकचा घमेलू काढला. ओंजळीत मावेल एवढा. घमेलं सुटं व्हायचं, त्यात माती भरता यायची, पोट पोकळ असल्यामुळे तो पाण्यावर तरंगायचा. आणि त्याला पाय नव्हते, नुसती भोकं होती. पाय मुलांनी घालायचे, माडाच्या वाढवणीचे, म्हणजे खराट्याचे, हीर मोडून. प्रत्येक घरात वाढवण असतेच. लांब हीर घातले की घमेलू उंट व्हायचा, आखूड घातले की खेकडा.

पहिला नमुना तिने आमच्या अंगणात मुलांपुढे टाकला आणि बाजूला बसून राहिली. एकाला काही सांगितलं नाही. थोड्या वेळात त्याच्या पाठीत दोरी ओवली गेली, घमेल्यात मुंग्या भरल्या गेल्या, आणि तन्वीच्या चुलतभावाने तो पायरीवर आपटून त्याचा एक कान उडवला. मी धावले. तिने माझा हात धरून मला खाली बसवलं. “बस गो. कान आडवो येत होतो तेंका, म्हणान मोडलो. पुढच्यात कान नाय घालूचो.” पुढच्या नमुन्यात खरंच कान नव्हता. सिनेमातल्या घमेलूला कान आहे, हे मी दाखवून दिलं तर म्हणाली, “सिनेमा झालो मां? आता ह्या तेंचा.” मोडलेल्या तुकड्यांवरून ती पुढचं खेळणं ठरवायची. आणि मला, जिला पत्रकाच्या प्रूफमधली एक चुकलेली मात्रा झोपू देत नसे त्या मला, ही पद्धत म्हणजे शुद्ध गबाळेपणा वाटायचा.

मंडळाची बैठक झाली ती अशी. खाणवाल्यांवर कोर्टात जायचं होतं, त्यासाठी वकील लावायचा होता. बंगळूरच्या एका विक्रेत्याने सांगितलं की जड रेझिनची, हाताने गंज रंगवलेली, क्रमांक घातलेली मूर्ती काढा, थोड्याच काढा, संग्राहक रांग लावतील. अध्यक्ष दिगंबरदादा तिच्या पिवळ्या घमेलूला उलटा धरून म्हणाले, “मालिनी, याला पायच नाहीत. पाय नसलेलं खेळणं कोण घेणार गो?” सगळे हसले. ती म्हणाली, “दादानू, तुमका दोन दिले ना देवान, ते वापरतास काय?” तेव्हाही सगळे हसले, पण हात वर झाले ते रेझिनच्या बाजूने. माझाही झाला. लढा मोठा, खेळणं लहान, असा माझा हिशेब होता. तो तेव्हा मला फार स्वच्छ वाटला होता. डब्यावरचा मजकूरही मीच लिहिला. शेवटच्या ओळीत, विक्रेत्याने मागितलं म्हणून, घातलं: ‘फक्त संग्राहकांसाठी. लहान मुलांपासून दूर ठेवा.’ मालिनीतायने तो डबा वाचला तेव्हा मी समोर होते. वाटलं, आता ओरडेल. ती एवढंच म्हणाली, “अक्षर चांगला असा तुझा.” ते छापलेलं होतं. माझं अक्षर त्यात कुठे नव्हतंच.

आता ती संध्याकाळ. त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटीत होड्या सोडतात हे इथल्या माणसाला सांगायला नको. थर्माकोलची जहाजं, पुठ्ठ्याच्या गलबतांवर दिव्यांच्या माळा, आणि मुलांच्या हातात जे तरंगेल ते. मूर्तीचं प्रकाशन आम्ही त्याच संध्याकाळी नदीकाठी ठेवलं, गर्दी आयती मिळेल म्हणून. या चुकीला दुसरं कोणी सापडणार नाही, ती आमचीच. होड्या सोडायच्या दिवशी, होड्या सोडायच्या जागी, पाण्यात टाकली तर दगडासारखी बुडेल अशी वस्तू घेऊन आम्ही टेबल मांडून बसलो. बंगळूरचे ते विक्रेते पाहुणे म्हणून पुढच्या खुर्चीत होते. तेवढ्यात मालिनीताय आली. स्कूटरच्या पायाशी गोणपाटाची पिशवी, पिशवीत पिवळे घमेलू, तिने आपल्या वेळात काढलेले, सिनेमात काम केलेल्या प्रत्येक मुलासाठी. मुलांनी पायऱ्यांवर बसून हीर खोवले. घमेलं सुलटं करून त्यात पणती ठेवायची आणि सोडायचं, असं ठरलं होतं.

पाहुणे उठले आणि दिगंबरदादांच्या कानाशी लागले. पिवळा घमेलू फुकट नदीत वाहत गेला, त्याचे फोटो फिरले, तर क्रमांकाच्या मूर्तीला कोण विचारणार, असं त्यांचं म्हणणं. दादांनी माझ्याकडे बघितलं. मुलं माझं ऐकतात म्हणून. मी उठले, पायऱ्यांवर गेले आणि सांगितलं, “आज नको रे. आज पिशवीत ठेवा. नंतर सोडूया.” मुलांनी ठेवले. मला वाटलं होतं रडतील, हट्ट करतील, म्हणजे मलाही चिडता येईल. त्यांनी निमूट एकेक करून ठेवले, हीर काढून. फक्त तन्वीने आपला फ्रॉकच्या ओच्यात लपवला. मी बघितलं, आणि बघितलं नाही असं केलं. तेवढीच एक बरी गोष्ट त्या संध्याकाळी माझ्या हातून झाली, आणि तीही काही न करता. मालिनीतायने पिशवीचं तोंड बांधलं. “तुझ्या तोंडान सांगूचा नव्हता गो,” म्हणाली. “दादान सांगितलेला चलला असता.” आणि दिवे लागायच्या आत पेडण्याच्या रस्त्याला लागली.

त्यानंतर ती भांडली नाही, याचा मला सगळ्यात त्रास झाला. भांडण करायला माझी तयारी होती. लढ्याला पैसा लागतो, वकील फुकट येत नाही, सगळे मुद्दे पाठ होते. मूर्ती विकल्या गेल्या, वकील आला, प्रकरण उभंही राहिलं. म्हणजे माझा हिशेब चुकला नव्हता. हे लिहिताना जास्तच अंगावर येतं... चुकला असता तर बरं झालं असतं.

शेवटची भेट कारखान्याच्या फाटकाशी झाली. पेडण्याला सभा होती, म्हणून गेले होते. तिच्यासाठी म्हणून गेले नव्हते, हेही लिहिते. ती जेवणाच्या सुट्टीत बाहेर आली, हात तेलकट, तोंडावर तेच हसू. “पत्रकबाय! आज कोणाचो निषेध?” मी विचारलं, पिशवीतल्या घमेलूंचं काय झालं, आता दिले तर चालतील मुलांना. ती म्हणाली, “ग्राइंडरात घातले.” कारखान्यात नापास माल दळून त्याचे दाणे करतात आणि पुन्हा वितळवून वापरतात. “पिवळी बुचां झाली तेंची. खंयच्या तरी तेलाच्या बाटलयेर असतली. साचो पण भंगारात गेलो, मऊ होतो.” मग म्हणाली, “तन्वीच्या घमेलूक घमेला जाग्यार असा काय? ता सैल झाल्यास माका सांग. हातान दुसरा करून दितंय.” विचारते म्हणाले. आमच्या घरापासून तन्वीचं घर हाकेच्या अंतरावर. मी विचारलं नाही.

ती गेल्यावर मंडळाने श्रद्धांजलीचं पत्रक काढलं. अर्थात मीच लिहिलं. त्यात ‘मुलांची लाडकी कलावंत’ असे शब्द आहेत. पत्रकाबरोबर तिचा फोटो होता, फोटोत तिच्या हातात पिवळा घमेलू होता, आणि तो फोटो बघून बंगळूरच्या विक्रेत्याचा फोन आला. एक तन्वीकडे उरला आहे, हे त्यांना दादांकडून कळलं होतं. तिने घडवलेला, आता एकुलता एक उरलेला, सिनेमातल्या मुलीच्या हातचा. लागेल ती किंमत देऊ. ज्याला पाय नाहीत म्हणून हसलो होतो, तो आता दुर्मिळ झाला होता. दुर्मिळ केला कोणी, तर आम्ही. दादा म्हणाले, तन्वीच्या बापालाही चार पैसे मिळतील, प्रकरणालाही हातभार लागेल, तू जाऊन ये. आणि मी गेले. एवढं सगळं होऊनही गेले.

तन्वी अंगणात होती. घमेलूच्या मागे नारळाची करवंटी बांधलेली, करवंटीत मांजराचं पिल्लू, आणि पुढे दोरी. पिवळा रंग उडाला होता. घमेलं खरंच सैल झालं होतं, सुतळीने आवळलं होतं. मी मोठ्यांना समजावतात तशा सुरात समजावलं, की मालिनीतायची आठवण म्हणून एक माणूस तो काचेत नीट जपून ठेवणार आहे. तिने विचारलं, “मगे तेका चलयतलो कोण?” मी म्हटलं, कोणी चालवणार नाही, तो सुरक्षित राहील. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पिल्लूच मागितलं. म्हणाली, “तायन सांगलेला, मोडलो काय तिका सांगूचा. तू सांगलंस तिका?” तिचा बाप ओसरीवर बसून ऐकत होता. तो मला म्हणाला, “विचार करून सांगतंय बाय.” त्याच्या आवाजात राग नव्हता. गरज होती, आणि ती कोणी निर्माण केली हे सांगणारी पत्रकं मीच लिहिली आहेत.

त्याने अजून काही कळवलेलं नाही. मी दादांना सांगितलं की पुन्हा जाणार नाही. दादा म्हणाले ठीक आहे, दुसरं कोणी जाईल. म्हणजे गोष्ट संपलेली नाही. हा लेख वाचला जाईल तेव्हाही तो घमेलू बहुधा त्या अंगणात असेल, आणि फोनही येत असेल.

म्हणून शेवटी पत्रकासारखंच लिहिते, मला दुसरं येत नाही. जे कोणी तो पिवळा घमेलू मागत आहात, त्यांनी मागणी मागे घ्या. त्या बापाला नाही म्हणायची वेळ आणू नका, त्याला ते परवडणारं नाही. आणि ज्यांच्या कपाटात आमची क्रमांकाची मूर्ती डब्यात बंद आहे, त्यांनी तो डबा आज फोडा. माझी ओळ फाडून टाका. जवळ जे मूल असेल त्याच्या हातात मूर्ती द्या, आणि देताना ‘जपून’ म्हणू नका.