रेश्माचंच नेट का बंद पडतं?

“केबल बदलली, स्विच बदलला. आता काय बाई बदलू?” बापू माझ्यावर खेकसले.

बापूंचं कोल्हापुरात लग्नाच्या बस्त्याचं मोठं कापड दुकान. तिथं पाच कॉम्प्युटर. चार बिलिंगचे, पाचवा रेश्मा मुजावरचा. बाहेरगावच्या ऑर्डरी घ्यायच्या, कुरिअरच्या चिठ्ठ्या छापायच्या, हे तिचं काम. कबनूरहून रोज एसटीनं यायची. दोन महिने झाले, नेट बंद पडायचं ते फक्त तिचं. तेही रोज नाही. शेजारचे चार टकाटक चालू. मला फोन आला की मी हातातली कामं टाकून जायचो, तोवर हिचं नेट आपोआप सुरू झालेलं. बिघाड मला बघून लाजतोय की काय, तेच कळेना.

वीस वर्षं मी नेटवर्कची कामं करतोय, खरं इतका खुळा कधी झालो नव्हतो. तिचा कॉम्प्युटर माझ्या दुकानात नेऊन चालवला. चार दिवस काही झालं नाही. परत आणून जोडला, दुसऱ्या दिवशी बंद. शेजारच्या काउंटरची केबल तिला लावली, तरी तेच. कुणी हॅक केलंय का म्हणून सगळं तपासलं. त्यातही काही निघालं नाही. घरी बायको म्हणाली, जेवताना भिंतीकडं काय बघताय?

मग एक दिवस बापूंनी हजेरीचं रजिस्टर माझ्यापुढं टाकलं. नेट बंद पडलेल्या दिवसांवर त्यांनी लाल खुणा केल्या होत्या. लाल खुणेच्या प्रत्येक दिवशी रेश्मा उशिरा आलेली.

“बघा की,” बापू म्हणाले. “उशीर झाला की काम तुंबतंय, आणि मग नेटवर ढकलायचं. केबल उपसून ठेवत असणार. थापा माराय लागलीया.”

मी रजिस्टर बघितलं. उशीर होऊनही नेट चालू राहिलेले तीन-चार दिवस त्यात होते. ते मी बघून न बघितल्यासारखे केले. कंटाळलो होतो, दुसरं काय. “असेल बापू,” मी म्हणालो. “मशीनमध्ये तर दोष नाही.”

त्या एका वाक्यावर बापूंनी ठरवून टाकलं. एक तारखेपासून दुसरं माणूस. रेश्माला त्यांनी माझ्यासमोरच सांगितलं, आणि इंजिनिअरचंही हेच मत आहे, असं वर जोडलं. ती रडली वगैरे नाही. माझ्याकडं वळून एवढंच म्हणाली, “साहेब, माझंच काम मी कशाला तुंबवीन?”

 घरी आलो तरी तिचं वाक्य डोक्यातून जाईना. लाज वाटली. दुसऱ्या दिवशी साडेनऊला, दुकान उघडतानाच जाऊन बसलो आणि राउटरची यादी उघडली. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. पण मी पोचायचो तेव्हा नेट चालू असायचं, आणि चालू नेटची यादी कोण बघतंय?

ही यादी म्हणजे काय, ते सांगतो. नेटवर्कवर येणाऱ्या प्रत्येक कॉम्प्युटरला, मोबाइलला एक नंबर लागतो. त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. तो राउटर वाटून देतो, तेही ठराविक मुदतीपुरताच. त्या मुदतीला लीज म्हणायचं. बापूंच्या राउटरवर नंबर होते पन्नास आणि लीज चोवीस तासांची. अर्धी मुदत, म्हणजे बारा तास, उलटली की चालू मशीन ती आपली आपण वाढवून घेतं. बंद मशीनला ते जमत नाही. एसटीत सीटवर रुमाल टाकतात ना, तसलाच प्रकार. फरक एवढाच, की इथं माणूस उतरून गेला तरी रुमाल चोवीस तास हलत नाही.

दुकानात झाडू मारणं चालू होतं, गिऱ्हाईक एकही नव्हतं, आणि यादी मात्र फुल्ल. बहुतेक सगळे कालच्या बस्त्यांचे मोबाइल. एका बस्त्याला वीस-वीस माणसं येणार, घरी राहिलेल्या आत्याला व्हिडिओ कॉल करून शालू दाखवणार. पावण्यांना त्रास नको म्हणून बापूंनी वायफायचा पासवर्ड भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलेला. पावणे आजऱ्याला पोचले तरी त्यांचे नंबर दुकानातच बसलेले.

यादीत रेश्माचं मशीन दिसलं. मुदत संपणार दहा वाजून चार मिनिटांनी. काल तिनं कॉम्प्युटर चालू केला, तीच वेळ.

मी घड्याळाकडं बघत बसलो. बस्त्याची मंडळी यायला लागली. दहा-चारला तिचा नंबर सुटला. दहा-पाचला नवऱ्या मुलाच्या मामांनी भिंतीवरचा पासवर्ड टाकला आणि तो नंबर त्यांना गेला. दहा-नऊला रेश्मा धापा टाकत आली, कॉम्प्युटर चालू केला. नेट नाही.

मग सगळा उलगडा झाला. कालच्यापेक्षा आज लवकर आली तर नंबर शाबूत, उशिरा आली तर गेला. तास-दीड तासानं कुणाची तरी मुदत संपायची, तिला नंबर मिळायचा, आणि तेवढ्यात मी पोचायचो. असा उशिरा मिळालेला नंबर दुसऱ्या दिवशी उशिरापर्यंत टिकायचा. मी डोळ्याआड केलेले ते तीन-चार दिवस हेच होते.

पण बाकीच्या चौघांचं का नाही जात? तिला विचारलं.

“ते कुठं बंद करतात? मी रोज बंद करून जातो. बापूंनीच बोर्ड लावलाय की.”

बोर्ड होता. ‘जाताना लाईट, पंखे, कॉम्प्युटर बंद करावेत.’ पाळणारी ही एकटी.

मी दोन नेटवर्क वेगळी केली. पावण्यांचं निराळं, त्याची लीज एक तासाची. दुकानाचं निराळं, त्यात रेश्माचा नंबर तिच्यासाठी कायमचा राखीव. बापूंना म्हटलं, पावण्याला बाहेर सोप्यात बसवायचं, तिजोरीच्या खोलीत न्हाय. इतके दिवस बिलिंगचे कॉम्प्युटर आणि परक्यांचे मोबाइल एकाच नेटवर्कवर होते, तेही मला त्या दिवशीच टोचलं.

बापूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “खरं, उशीर तर व्हतोयच की हिला.”

“व्हय, होतोय,” रेश्मा म्हणाली. “एसटीच उशिरा येत्या. मी कधी न्हाय म्हटलं? नेट बंद पडतंय, हे पण खरंच सांगत होतो.”

 बापूंनी दुसऱ्या माणसाला येऊ नको म्हणून फोन केला आणि तिची वेळ साडेदहाची करून दिली. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, राहू दे, चिठ्ठ्या छापायच्या आहेत.

उशीर आणि नेट, दोन्हींबद्दल ती खरंच बोलत होती. आम्ही दोघा शहाण्यांनी मिळून त्याची एक थाप बनवली होती, आणि वर लाल पेनानं खुणा केल्या होत्या.