दोन्ही पारड्यांत

त्या दुष्काळात वडवणीजवळच्या आमच्या गावातल्या चारा छावणीत सोसायटीचा एक मापाडी पेंड तोलून द्यायचा. रांग कितीही वाढो, तो प्रत्येकाची पेंड आधी डाव्या पारड्यात तोलायचा, मग उजव्या. लोक कावायचे, "मामा, एकदाच तोला की!" तो मान वर न करता म्हणायचा, "काटा खोटं बोलतो, पर दोन्ही बारीला एकच खोटं बोलतो. दोन्ही मापांच्या मधलं खरं."

मी सुट्टीवर आलो होतो, पण जीव प्रयोगशाळेत अडकलेला. चुंबकांच्या कड्यात कोंडलेला धगधगता वायू किती वेगानं फिरतो, ते आम्ही त्याच्या उजेडावरून मोजतो. वायू आपल्याकडे आला की उजेडाचा रंग निळ्याकडे सरकतो, दूर गेला की तांबड्याकडे. माझा वायू मात्र कुणी न ढकलताच फिरताना दिसत होता. प्रबंध अडला होता.

एका दुपारी पेंडीच्या पोत्यावर बसून मी हे त्याला सांगितलं.

"कुण्या अंगानं बघतोस?"

"एकाच खिडकीतून, मामा."

डाव्या पारड्यातली पेंड त्यानं उजव्यात ठेवली, इतकंच.

परतल्यावर मी विरुद्ध बाजूच्या खिडकीतूनही उजेड घेतला. वायू खरंच फिरत असता तर रंग आता उलटा सरकला असता. तो तितकाच, त्याच बाजूला सरकला. वायू जागच्या जागी होता, खोट यंत्रात होती. कित्येक दिवसांनी मी पोटभर जेवलो आणि त्याला फोन लावला.

"मामा, यंत्रच खोटं निघालं."

"मंग फेकू नको त्याला," तो म्हणाला. "किती खोटं बोलतंय ते कळलं न्हवं? आता त्याच्याइतकं खरं कुणी न्हाई."