नर्सरीचं पाचवं मूल

सोमवारी सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी आमचं दार उघडलं आणि तिथून हे सगळं सुरू झालं. कुणी वाजवलं नाही हं! या बेटावर दार वाजवत नाहीत, सरळ आत येतात. त्यामुळे किस्से गोळा करायला बाहेर जावं लागत नाही, तेच चालत स्वयंपाकघरात येतात. दोन वर्षांत इतके साठलेत की मँचेस्टरची माझी नणंद फोनवर म्हणाली, "वहिनी, लिहून काढा. नाहीतर तिथल्या वाऱ्यात उडून जातील!" म्हणून लिहिते.

स्कॉटलंडच्याही वर, पार उत्तरेला आमचं बेट. आमचे हे इथल्या हॉटेलात कुक. घरात मी आणि तीन वर्षांची सई. सईला मी क्षणभरही नजरेआड होऊ द्यायची नाही. आणि गावाला नेमकी सईच हवी होती! नर्सरीत मुलं चारच. पाचवं मिळालं नाही तर उन्हाळ्यानंतर कुलूप, आणि मुलांनी रोज होडीनं मोठ्या बेटावर जायचं. मला कुणी काही विचारायचं नाही. नुसते सईकडे बघायचे.

तर त्या सोमवारी दारात शेजारची जेसीआजी. काखेत कुबडी, हातात कुत्र्याचा पट्टा, पट्ट्याला टॅम. केवढा थोरला काळापांढरा कुत्रा!

"माझा गुडघा गेला," ती म्हणाली. "तुझे दोन्ही चांगले आहेत. याला रोज फिरवून आण."

मी सईला घेऊन एव्हाना खुर्चीवर चढले होते. "चावतो का?"

"आजवर कुणाला चावला नाही. पण खुर्चीवर चढलेली बाईही त्यानं आजवर पाहिली नव्हती!"

*

इथली एक रीत आहे. कुणाकडे बटाटे जास्त झाले, मासे जास्त मिळाले, की पिशवीत घालून शेजाऱ्याच्या फाटकाला अडकवायचे. नाव नाही, चिठ्ठी नाही. आम्ही आलो त्या आठवड्यात बटाटे, अंडी, दोन बांगडे असं सगळं फाटकावरच मिळालं.

मग एके सकाळी फाटकावर छोटीशी काळी पिशवी. हात लावला तर गरम! म्हटलं, कुणीतरी ताजं काहीतरी करून दिलंय. आत नेऊन ओट्यावर ठेवली आणि यांना हॉटेलात फोन केला. "अहो, आज गरम गरम आलंय काहीतरी!"

हे म्हणाले, "काळी आहे? छोटी? वर गाठ मारलेली? उघडू नकोस."

तेवढ्यात फाटकाशी दुकानदार डोनाल्ड, कुत्र्याला घेऊन उभा. खाली वाकून काहीतरी शोधत होता. कुत्र्यानं रस्त्यात केलेलं पिशवीत भरून, येताना उचलू म्हणून त्यानं ती आमच्या फाटकाला अडकवली होती! मी फोन तसाच टाकून धावले आणि दोन्ही हातांनी पिशवी त्याला परत दिली. वर 'थँक्यू'ही म्हणाले!

डोनाल्डची मान खाली. म्हणाला, "चाळीस वर्षं कुत्रे पाळतोय. आभार पहिल्यांदाच मिळाले!"

*

हा डोनाल्डच आमचा पेपरवाला. म्हणजे दर शुक्रवारी एका कागदावर बेटाच्या बातम्या टाइप करून दुकानाच्या दारावर लावतो. होडीची वेळ, कुणाची मेंढी हरवली, कुणाला नातू झाला.

माझी पहिली बातमी आली ती साडीमुळे. मी लाल साडी धुऊन दोरीवर वाळत घातली, दोन चिमटे लावले आणि आत गेले. इथला वारा मला काय माहीत! दहा मिनिटांनी नुसते चिमटे राहिले होते.

शुक्रवारी कागदावर: "लाल कापड सापडलं आहे. एक टोक चर्चच्या कुंपणाला आहे. दुसरं टोक आम्ही अजून शोधतोय."

त्यानंतर माझ्या बातम्या थांबेचनात. "कुकची बायको टॅमला घेऊन फाटकापर्यंत गेली." "कुकची बायको धक्क्यापर्यंत गेली." मग एकदा: "कुकची बायको दीपगृहापर्यंत जाऊन आली. ओढत कोण कुणाला नेत होतं, यावर एकमत नाही."

मी तो कागद मागून घेतला आणि नणंदेला पोस्टानं पाठवला. आमच्या घराण्यात पेपरात नाव आलेली मी पहिली!

*

टॅमची वाट मात्र ठरलेली. नर्सरीच्या फाटकाशी तो बसायचा म्हणजे बसायचाच. सुट्टीत बाई त्याला बिस्किट द्यायच्या ना! मी पट्टा ओढत उभी, आणि सई जाळीतून आतल्या चार मुलांकडे बघत उभी.

मी जेसीआजीला म्हटलं, "तुम्ही मुद्दाम मला हा कुत्रा दिलात!"

"छे!" ती म्हणाली. "मी मुद्दाम गुडघा मोडून घेतला."

आणि एक दिवस सईनं माझा हात सोडला. मी धरायच्या आत फाटकातून आत! मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. घरी जाववेना. पाऊस आला तरी भिंतीआड टॅमला धरून उभी. डोकं वर काढायचं, सई दिसली की खाली बसायचं.

दोन तासांनी बाई छत्री घेऊन बाहेर आल्या. "एकतर आत या, नाहीतर घरी जा! मुलं सगळी खिडकीत उभी आहेत. तुमचं डोकं आता कुठून वर येईल यावर पैजा लागल्यात!"

दुसऱ्या दिवशी मी सईचं नाव घातलं. शुक्रवारच्या कागदावर त्या आठवड्यात बातमी एकच होती: "पाच."

*

पण नर्सरी चालवणाऱ्या कौन्सिलच्या साहेबांना पाच पुरेनात. ते होडीनं आले, हॉलमध्ये सगळं गाव जमलं. साहेब माणूस गोड. म्हणाले, आज पाच आहेत, उद्या चार होतील. मोठ्या बेटावर नर्सरी मोठी, खेळणी भरपूर. आणि होडी म्हणजे काय, वीसच मिनिटं!

जेसीआजी भांडली, डोनाल्ड भांडला, बाईंनी कागद दाखवले. साहेब सगळ्यांना मान डोलावून पुन्हा तेच, "वीसच मिनिटं."

मी कधी उभी राहिले मला कळलंच नाही. हे खालून पदर ओढतायत, "अगं, बस!" चारचौघांत इंग्रजी बोलायची माझी पहिलीच वेळ. पण तेवढी वाक्यं आली.

म्हटलं, "साहेब, माझ्या गावालाही खाडी होती. होडी वीसच मिनिटं घ्यायची. पलीकडे आठवी होती."

साहेब हसून म्हणाले, "मग? तुमचं शिक्षण कितवीपर्यंत?"

"सातवी," मी म्हटलं.

साहेबांनी फाईल मिटली.

नर्सरी चालू आहे. दोन मुलं या उन्हाळ्यात मोठ्या वर्गात जातील, त्यांच्या जागा भरायच्यात. धक्क्याजवळचं एक घर रिकामं आहे, चूल चांगली पेटते, आणि ब्रॉडबँडसुद्धा आलंय म्हणे. मँचेस्टरला, केंब्रिजला, ब्रॅकनेलला तुमच्या ओळखीत लहान मूल असलेलं कुणी असेल, तर एवढं त्यांच्या कानावर घाला.