सुई न देणारी दुर्गेश्वरी

कुडव्याच्या डॉक्टर लीलाधरांना दवाखान्याच्या दर्जाचं सर्टिफिकेट हवं होतं आणि त्यापायी नर्स दुर्गेश्वरीचा जीव मेटाकुटीला आला होता. वापरलेल्या सुयांचा वेगळा डबा, प्रत्येक पेशंटनंतर हात धुणं, हे तिनं निमूट केलं. पण गरज नसताना इंजेक्शन द्यायचं नाही, हा नवा नियम म्हणजे विस्तवाशी खेळ. इकडे माणूस दवाखान्यातून परतला की शेजारी आधी विचारतात, सुई लागली का? नुसत्या गोळ्या घेऊन आलेल्याला कोणी आजारी धरतच नाही. ही सवय डॉक्टरांनीच वर्षानुवर्षं टोचून टोचून लावलेली. आता नाही म्हणायचं काम मात्र दुर्गेश्वरीचं.

सर्टिफिकेटसाठीच्या तपासणीच्या आदल्या दिवशी कामठ्याचा हिरालाल तापानं फणफणलेल्या आपल्या आईला घेऊन आला. डॉक्टरांनी तिला तपासून गोळ्या लिहिल्या. बाहेर येताच हिरालालनं दुर्गेश्वरीला गाठलं.

"सुई काऊन नाही देऊन राहिली? माय मेली तं तू आणून देशीन का?"

गरज नाही, असं तिनं सांगितलं. त्यानं खुर्ची उचलून काउंटरची काच फोडली, तिची वेणी धरली आणि तिला भिंतीवर आपटलं. ओठ फाटला, दात हलला. तीही काही गरीब गाय नव्हती. तिनं स्टीलचा ट्रे त्याच्या कपाळावर असा हाणला की तो मटकन खाली बसला.

आणि डॉक्टरांनी काय करावं? आतून कडी लावली आणि तिथूनच ओरडले, "लावून दे म्हातारीले सुई, झगडा मिटव!"

मारापेक्षा हे तिला जास्त लागलं. रक्त थुंकून ती म्हणाली, "तुमीच लावा."

हिरालाल शांत झाल्यावर डॉक्टर बाहेर आले. त्यांनी म्हातारीला ताकदीची सुई टोचली. हिरालाल कपाळ पुसत त्यांच्या पाया पडला आणि खुशीत निघून गेला. मग डॉक्टरांनी दुर्गेश्वरीला बजावलं, की उद्या पायरीवरून पडली म्हणून सांगायचं, नाही तर परवापासून कामावर येऊ नको. तिच्या पगारावर घर चालत होतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी नागपूरच्या तपासणीवाल्या मॅडमनी तिचा सुजलेला ओठ पाहून विचारलंच. डॉक्टर तिच्याकडे टक लावून बघत होते.

"मले पेशंटच्या पोरानं मारलं," दुर्गेश्वरी म्हणाली. "साहेब कडी लावून आत होते."

आणि घरी निघायला ती पर्समध्ये स्कूटीची चाबी शोधू लागली.